वाचनालयाचे जुने फोटो आणि मोडी कागद ऑनलाइन : लोकांकडून खरी माहिती कशी काढून घ्यावी?

चावडीवाचक

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या संग्रहाबद्दल सल्ला हवा आहे. साधारण १,२०० छापील फोटो आहेत, बहुतेक पोस्टकार्ड आकाराचे, १९२० ते १९७५ च्या दरम्यानचे. गणेशोत्सव, व्याख्यानमाला, नाटकं, पूर, शाळेचे गट असं सगळं. शिवाय मोडी कागदांचे चार रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आणि वाचनालयाच्या हस्तलिखित मासिकाचे बांधीव अंक.

सध्या फेसबुकच्या पानावर फोटो टाकले जातात. लाइक भरपूर, 'जुनं ते सोनं' भरपूर. फोटोत कोण आहे, जागा कुठली, साल कोणतं, हे सांगणारा विरळा. कुणी सांगितलंच तर ते कॉमेंटमध्ये पडून राहतं, नोंदवहीपर्यंत पोचत नाही. मनुष्यबळ म्हणजे एक अर्धवेळ ग्रंथपाल, दोन स्वयंसेवक आणि एक साधा फ्लॅटबेड स्कॅनर. वेबसाइट नाही. सुरुवात कुठून करावी? मोडीचं वाचन लोकांकडून करून घेता येतं का?

---

उजेडखोली

आधी फेसबुकचं घेतो, कारण मेख तिथेच आहे. 'ओळखा पाहू' म्हणून फोटो टाकला की लोक कौतुकच करणार, दुसरं काय करतील? माहिती हवी असेल तर प्रश्न इतका नेमका विचारा की जाणकाराला एका ओळीत उत्तर देता यावं.

गटाचा फोटो असेल तर त्याची एक प्रत करून प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाका, मागच्या रांगेपासून, डावीकडून उजवीकडे. 'मागून दुसरे, टोपीवाले' या वर्णनात तीन माणसं बसतात. '११ नंबर' म्हटलं की वाद मिटला. मूळ स्कॅनवर मात्र काहीही लिहायचं नाही. इमारतीचा फोटो असेल तर अख्खा फोटो आणि सोबत एका तपशिलाचं कात्रण टाका. उदाहरणार्थ, दुकानाच्या पाटीचा तुकडा, आणि खाली एवढंच : 'पाटीवर शेवटची दोन अक्षरं "डार" दिसतात. हे दुकान कोणत्या पेठेत होतं?' एका पोस्टमध्ये एकच प्रश्न.

काळ लोकांच्या आठवणीवर सोडू नका, तो बहुतेकदा फोटोतच सापडतो. झेंड्यावर चरखा आहे की चक्र, ते बघा. अशोकचक्राचा ध्वज २२ जुलै १९४७ ला स्वीकारला गेला. नाटकाच्या जाहिरातीत तिकिटाचा दर आण्यांत असेल तर तो बहुधा १९५७ च्या आधीचा, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. (आणे काही वर्षं बोलण्यात आणि पाट्यांवर रेंगाळले, म्हणून 'बहुधा'.) 'नये पैसे' दिसले तर १९५७ ते १९६४ हा पट्टा. सरकारी पाटीवर 'महाराष्ट्र शासन' असेल तर १ मे १९६० नंतरचा. लेटरहेडवर सहा अंकी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. अशा खुणांवरून 'याच्या आधीचा नाही' आणि 'याच्या नंतरचा नाही' अशी दोन सालं काढा आणि दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. 'अंदाजे १९५०' ही नोंद पुढे कुठल्याच शोधात नीट सापडत नाही.

आता मिळालेली माहिती परत नोंदीत आणायची कशी. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये फ्लिकर या फोटोंच्या साइटवर सुमारे ३,००० फोटो टाकले. त्याच वर्षीच्या त्यांच्या अहवालाप्रमाणे लोकांच्या माहितीवरून ५०० च्या वर कॅटलॉग नोंदी सुधारल्या गेल्या. त्यात जादू काही नव्हती. कर्मचारी कॉमेंट वाचत होते, पडताळत होते आणि पटलेली माहिती मूळ कॅटलॉगमध्ये श्रेयासकट चढवत होते. आपल्याकडे सगळं अडतं ते या शेवटच्या पायरीवर.

त्यासाठी एक साधी वही किंवा शीट पुरते : फोटो क्रमांक, काय सांगितलं, कोणी सांगितलं, तारीख, कशावरून, पडताळणीची अवस्था. अवस्था तीनच ठेवा : 'सांगोवांगी', 'दोन स्वतंत्र साक्षी', 'कागदी पुरावा'. इथे 'स्वतंत्र' हा शब्द जपायचा. पहिल्याने कॉमेंटमध्ये नाव लिहिलं आणि खाली चौदा जणांनी 'हो, तेच ते' म्हटलं, तर ती साक्ष एकच. म्हणून पोस्टखाली गूगल फॉर्मचा दुवा द्या, म्हणजे दुसऱ्याचं उत्तर न बघता लिहिता येतं. कागदी पुरावा म्हणजे स्मरणिका, शाळेचं हजेरीपत्रक, त्या दिवसाचं वर्तमानपत्र, फोटोमागचा स्टुडिओचा शिक्का.

आणि ज्यांना खरंच माहीत आहे त्यातले बरेच ऐंशीच्या पुढचे. त्यांचं ऑनलाइन म्हणजे नातवाच्या हातातला फोन. आकडे टाकलेल्या प्रती ए-फोर आकारात छापून वाचनालयातल्या वर्तमानपत्राच्या टेबलावर पेन्सिलसकट ठेवा. फेसबुकपेक्षा तिथून जास्त निघतं.

---

टिफवाला

वरचं सगळं मान्य, पण स्कॅनिंग चुकलं तर ते पुन्हा करावं लागतं आणि पुन्हा कोणी करत नाही. म्हणून थोडं तांत्रिक.

पोस्टकार्ड आकाराचा फोटो (साडेतीन बाय साडेपाच इंच) ६०० पीपीआयला (एका इंचात ६०० पिक्सेल) स्कॅन केला की २,१०० बाय ३,३०० पिक्सेल होतात, २४ बिट रंगात कॉम्प्रेशन नसलेली टिफ फाइल सुमारे २१ एमबीची. १,२०० फोटोंच्या दोन्ही बाजू धरल्या तर ५० जीबी. म्हणजे जागेची अडचण नाहीच, एक टीबीची डिस्क उरते. फोटो कृष्णधवल असले तरी रंगीत स्कॅन करा. पिवळेपणा, शाईची टीप, शिक्क्याचा रंग ग्रेस्केलमध्ये हरवतो. मागची बाजू कोरी वाटली तरी स्कॅन करा, पेन्सिलचं लिखाण स्क्रीनवर उजेड वाढवला की दिसतं. ३५ मिमी निगेटिव्ह असतील तर ६०० पीपीआय काही कामाचं नाही, ३,००० च्या पुढे जावं लागतं आणि पारदर्शक फिल्मसाठी दिवा असलेला स्कॅनर लागतो.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं 'ऑटो एन्हान्स', 'शार्पन', 'डस्ट रिमूव्हल' बंद करा. शेवटचं तर धुळीबरोबर कपाळावरची टिकलीही खाऊन टाकतं. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट कॅमेऱ्याने घ्या, दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवून, फ्लॅश न वापरता. बांधीव अंक तर स्कॅनरवर पालथा घालायचाच नाही, पाठ मोडते. उशा लावून साधारण १०० अंशांत उघडा ठेवायचा आणि वरून कॅमेरा.

फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि मोकळ्या जागेशिवाय ठेवा : संस्थेची तीन अक्षरं, संग्रहाची दोन, चार आकडी क्रमांक, शेवटी समोरची बाजू की मागची याचं एक अक्षर. नावात वर्णन नको. 'गणपती_मिरवणूक_जुना_फायनल२' ही फाइल कोणत्या फोटोची ते वर्षभराने देवालाच ठाऊक. तोच क्रमांक मऊ पेन्सिलने (२बी) फोटोच्या मागे कडेला; बॉलपेन दाबून लिहिलं की समोर उठतं.

एक्सेलचे तीन सापळे आहेत. ०००७ लिहिलं की तो ७ करतो, म्हणून क्रमांकाचा रकाना आधी 'टेक्स्ट' करून घ्या. १९०० च्या आधीच्या तारखा त्याला तारखा म्हणून कळतच नाहीत. आणि साध्या सीएसव्हीमध्ये सेव्ह केलं की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा.

प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर. गूगल ड्राइव्हवर सिंक केलेला फोल्डर ही बॅकअपची प्रत धरू नका. इथे चुकून पुसलं की तिथेही पुसलं जातं. आणि व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून, नाहीतर त्याचं पोस्टाचं तिकीट होतं.

---

रुमालकरी

मोडीचं वेगळं आहे. लोकसहभागाने हस्तलिखितं वाचून घेण्याची जी मोठी कामं झाली, म्हणजे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०१० मध्ये सुरू केलेलं तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमच्या कागदांचं किंवा त्याच वर्षी सुरू झालेलं ब्रिटिश युद्धनौकांच्या हवामान-नोंदींचं 'ओल्ड वेदर', त्यांत वाचणाऱ्याला लिपी येत होती, हस्ताक्षर तेवढं अवघड होतं. मोडी वाचणारे मुळात थोडे. 'या, सगळे रुमाल वाचा' म्हणून चालणार नाही. काम फोडावं लागेल.

पण त्याआधी रुमाल सोडताना काळजी घ्या. कागद ज्या क्रमाने बांधले आहेत तो क्रम मोडू नका, तारखेप्रमाणे लावायचा मोह टाळा. हिशेबाच्या कागदामागोमाग आलेलं बिनतारखेचं पत्र कधीकधी त्या जागेवरूनच लागतं. क्रमांक देताना रुमाल, पुडकं, कागद, बाजू अशी उतरंड ठेवा. शाई काजळीची असते, पाण्याने विरघळते, त्यामुळे ओलं फडकं अजिबात नको. कोरडा मऊ ब्रश. चिकटवून लांब केलेला कागद असेल तर तुकड्यातुकड्याने फोटो घ्या, प्रत्येक तुकड्यात आधीचा निदान पाचवा हिस्सा पुन्हा यावा. पाठीमागे सांध्यावर शिक्का किंवा अक्षरं असतात, ती हमखास सुटतात.

मग पहिली फेरी : वाचन नाही, फक्त वर्गवारी. पत्र, यादी, जमाखर्च, कौलनामा, कतबा, महजर, निवाडा. मोडीचा प्राथमिक वर्ग केलेला माणूस मायन्यावरून एवढं सांगू शकतो. दुसरी फेरी, तारखेची ओळ आणि गावांची नावं. तिसऱ्या फेरीत, निवडक कागदांचंच पूर्ण लिप्यंतर. प्रत्येक कागद दोघांनी एकमेकांचं न बघता वाचायचा आणि तिसऱ्याने फरक मिटवायचा. दोघांचं जिथे पटलं नाही त्या जागा म्हणजेच तपासायच्या जागा, बाकीचं पान पुन्हा वाचत बसायला नको.

नियम एका पानात बसवा. ओळ मूळात जिथे तुटते तिथेच तोडा. मोडीत शब्द सलग असतात, शब्द तोडणं हे तुमचं वाचन आहे हे लक्षात ठेवा. शंका असेल तिथे चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह, फाटलं असेल तिथे कंसात 'फाटले'. 'राा', 'ताा' असे संक्षेप मनाने पूर्ण करायचे नाहीत. करायचेच तर वाढवलेली अक्षरं कंसात. इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद मोडी सहसा पाळत नाही, म्हणून देवनागरीत आणताना प्रमाण रूप वापरायचं की नाही हे आधी ठरवा आणि वर लिहून ठेवा. दोघे दोन पद्धतींनी लिहितात आणि मग निम्मे फरक खोटेच निघतात.

तारखांबद्दल. सुहूर सन, म्हणजे मोडी कागदांतली एक जुनी कालगणना, अरबी संख्याशब्दांत येतो, एकंपासून वर चढत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, सन ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होतं. मृग ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवा, जानेवारी ते पुढचा मृग असेल तर ६००. पानिपतचा दिवस, पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, याच सुहूर सनातला. ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१, जानेवारी महिना. शकावरूनही तेच येतं, १६८२ अधिक ७९. माघ-फाल्गुनात ७९ मिळवावे लागतात, वर्षाच्या आधीच्या भागात ७८. पौष मध्येच दोन इंग्रजी सालांवर पडतो, तिथे पंचांग पाहिल्याशिवाय साल लिहू नका. कागदावरच्या 'छ' पुढचा आकडा मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख, दाखवतो; त्याला तिथी समजून भरलेल्या याद्या निदान एकदा तरी सगळ्यांच्या पाहण्यात येतात.

संवत्सराचं नाव असेल तर फुकटची पडताळणी होते. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो प्रभवापासूनचा क्रमांक. १६८२ + १२ = १६९४, बाकी १४, चौदावा विक्रम. कागदावर वेगळं संवत्सर वाचलं गेलं तर शकाचा आकडा पुन्हा बघा. मोडीतले १ आणि ९ घाईत एकमेकांसारखे दिसतात.

ज्यांना मोडी येत नाही त्यांना काम नाही असं नाही. लिप्यंतरात 'मौजे' पुढे आलेलं, कुणालाच न लागलेलं गाव किंवा वाडी, शेताचं नाव, ओढ्याचं नाव, हे त्या पंचक्रोशीतला शेतकरी क्षणात सांगतो. फेसबुकवर मोडी कागदाचा फोटो टाकण्यापेक्षा अशी पाच नावं देवनागरीत टाका.

---

चावडीवाचक

सगळ्यांचे आभार, हे फारच उपयोगी आहे. दोन उपप्रश्न. फोटो वाचनालयाच्या मालकीचे आहेत, म्हणजे हक्कही वाचनालयाचे ना? आणि कार्यकारिणीतल्या काहींना प्रत्येक फोटोच्या मधोमध वाचनालयाचं नाव हवं आहे, 'नाहीतर कुणीही चोरेल' म्हणून.

---

कलमकसाई

कागद तुमचा, हक्क तुमचा असेलच असं नाही. देणगीत आलेल्या फोटोचा कॉपीराइट देणगीबरोबर आपोआप येत नाही, तो लेखी द्यावा लागतो.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, अमलात आला २१ जानेवारी १९५८ ला. सर्वसाधारण मुदत : लेखकाचं आयुष्य अधिक ६० वर्षं. फोटोंसाठी पूर्वी प्रसिद्धीपासून ६० वर्षं अशी वेगळी तरतूद होती, ती २०१२ च्या दुरुस्तीत गेली. पैसे देऊन स्टुडिओत काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो, हे कलम १७ मध्ये आहे. म्हणजे शाळेच्या गटफोटोसाठी स्टुडिओच्या वारसांपेक्षा शाळेला आधी विचारा. पत्राचा हक्क मात्र पत्र लिहिणाऱ्याचा. ते ज्याच्या कपाटात निघालं त्याचा नव्हे. हस्तलिखित मासिकातल्या १९६० च्या कविता-कथांनाही हेच लागू, अंकावर वाचनालयाचं नाव असलं तरी.

विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त फोटोंच्या साठ्यावर) चढवणार असाल तर तिथे अमेरिकेतलीही स्थिती बघतात. ढोबळ हिशेबाने १९४६ च्या आधी काढलेले भारतीय फोटो तिथे अडत नाहीत, १९४६ ते १९५७ चे चर्चेत अडकतात, नंतरच्यांना परवानगी लागते. आणि मुक्त परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, हे कार्यकारिणीच्या ठरावात स्पष्ट लिहून घ्या.

कायद्यापलीकडचं एक. कर्जाचे कागद, जातपंचायतीचे निवाडे, जमिनीचे तंटे यांत हयात घराण्यांची नावं असतात. ते सरसकट चढवू नका. पानावर 'हरकत कळवा' असा एक पत्ता द्या आणि हरकत आली की आधी कागद खाली उतरवा, चर्चा मग.

---

उजेडखोली

मधोमध नाव नकोच. चोरणारा ते पाच मिनिटांत पुसतो, आणि ज्याला चेहरा ओळखायचा आहे त्याच्या डोळ्यांवरच नेमकं ते येतं. फोटोच्या खाली पांढरी पट्टी जोडून तीत नाव आणि फोटो क्रमांक छापा. फोटो शंभर व्हॉट्सअॅप गटांतून फिरून आला तरी क्रमांकावरून मूळ नोंद सापडते. फाइलच्या पोटात भरलेली माहिती फेसबुकवर बरीचशी गाळली जाते, पट्टी टिकते. रुंदीला २,००० पिक्सेलची जेपेग प्रत लोकांसाठी पुरेशी, टिफ घरात.

---

जोडाक्षर

ठेवायचं कुठे यावर कुणी बोललं नाही म्हणून. बांधीव अंकांसाठी इंटरनेट अर्काइव्ह (पुस्तकं फुकट ठेवणारं ऑनलाइन ग्रंथालय), फोटोंसाठी कॉमन्स (हक्क मोकळे असतील तेवढेच), आणि संपूर्ण यादीची शीट वाचनालयाच्या नावाच्या खात्यात, स्वयंसेवकाच्या वैयक्तिक खात्यात नव्हे. ओमेका वगैरे संग्रहाच्या वेबसाइटचं सॉफ्टवेअर स्वतःचं बसवायचा विचार सध्या सोडा. सॉफ्टवेअर फुकट आहे, पण डोमेनचं नूतनीकरण आणि अपडेट कोण करणार? बसवून देणारा मुलगा नोकरीला पुण्याला गेला की साइट बंद पडते, दर वेळी याच कारणाने.

दुसरं, यादी आधीच श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर ती शोधता येणार नाही, आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर डोळ्यांनी तपासा. रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडच्या तिकडे होतात.

युनिकोडमध्येही दोन खाचा आहेत. 'सातारकऱ्यांचा वाडा' यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. दिसायला दोन्ही सारखे, शोधात वेगळे. तसंच 'ॲड.' मधला ॲ : एक अखंड अक्षर, आणि दुसरा अ वर चंद्र ठेवून केलेला. दोन स्वयंसेवक दोन कीबोर्डांवर टाइप करत असतील तर निम्म्या नोंदी शोधात येत नाहीत आणि कारण कुणाला कळत नाही. दर महिन्याला शीटमध्ये 'शोधा आणि बदला' चालवून दोन्ही एकाच प्रकारात आणा. अंकांचंही तेच, क्रमांकाच्या रकान्यात एकतर देवनागरी अंक, नाहीतर इंग्रजी.